बुढीच्या कोपराखाली

हरसिंगभाऊ, काल मी बुढीच्या कोपराखाली गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. तू असतास तर हसून हसून खाली बसला असतास. तलावाच्या या कामावर सगळ्यांना ठाऊक आहे की नामदेव ऑपरेटर मशीनच्या खुर्चीत बसला की राजा, आणि मशीनच्या खाली जायची वेळ आली की त्याला नेमकं त्याच वेळी झाडामागे जावं लागतं. काल झाडामागे गेलो नाही. कारण मला झाडामागे जाऊ देऊन स्वतः खाली जाणारा माणूस राहिला नाही.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. तापाच्या तिसऱ्या दिवशी तू गेलास. दिग्रसचा डॉक्टर म्हणाला, छातीत पाणी झालं होतं. त्या दुपारी मी तांड्यावर तुझ्या खाटेशी बसलो होतो आणि तुला एक गोष्ट सांगायची म्हणून घरून निघालो होतो. तुला धाप लागलेली पाहिली आणि मनाशी म्हटलं, बरा झाला की सांगू. हे मी स्वतःची समजूत घालायला म्हटलं. खरं म्हणजे मी भ्यालो. तू डोळे उघडून विचारलंस, "मशीन कशी हाय?" मी म्हणालो, "चांगली हाय." आपलं शेवटचं बोलणं तेवढंच, आणि त्यातही मी खोटंच बोललो.

मी भित्रा माणूस आहे हे तुला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. राज्य नवं झालं त्या वर्षी तलावाचं काम निघालं आणि लढाईत वापरलेलं हे धूड आपल्याकडे आलं. माती खणणारं, तारेच्या दोरांवर चालणारं, धूर ओकणारं, अंगावर तीन रंगांचे थर. मी बोरी अरबचा, कुणब्याच्या घरचा, सातवी झालेला. ट्रॅक्टर चालवता येतो म्हणून ओव्हरसिअर साहेबानं मला वर बसवलं. तू फिटर. मी तुला "तुम्ही" म्हणालो तर तू कपाळाला आठ्या घातल्यास. "तुमी-तुमी नको म्हणू बाप्पा. मले वाटते मांगं कोणी साहेब उभा हाय." त्या दिवसापासून तू माझा हरसिंगभाऊ आणि मी तुझा नामदेवा.

मशीनला बुढी हे नाव तूच दिलंस. तिचं अंग मला तू समजावून दिलंस तेही आठवतं. लांब बूम म्हणजे तिचा दंड. बूमच्या टोकाला बकेट धरणारा तिचा हात. दंड आणि हात जिथं जुळतात ते कोपर. "अन् कोपरात ही पिन," तू मनगटाहून जाड लोखंडी दांडी दाखवून म्हणालास. "पिन म्हणजे हाड. पिनेभोवती हा बुश, म्हणजे हाडावरचं मऊ हाड. अन् ग्रीस म्हणजे सांध्यातलं तेल. तेल संपलं तं मऊ हाड झिजते, मंग हाड झिजते, मंग एक दिवस हात कोपरातून गळून पडते." मी विचारलं, "खाली कोणी असलं तं?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "म्हणून तं मी हावो ना."

खाली नेहमी कोणीतरी असतंच. बंधाऱ्याच्या पायाचा चर आपली बुढी खणते आणि चरात पंचवीस-तीस बायामाणसं टोपल्यांनी सुटी माती काढतात. त्यांतली निम्मी तुझ्या तांड्यावरची. सक्रीवहिनी तिथंच. हात फिरून बाजूला जातो तेव्हा त्यांच्या डोक्यावरून जातो. सहा वर्षं मी तो हात त्यांच्या डोक्यावरून नेतो आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कोपर वाजायला लागलं. बकेट जमिनीला टेकली की खाडकन आवाज, आणि दात्यांची टोकं वीतभर इकडे-तिकडे. तू मला बूम खाली घ्यायला लावलीस, हात जरा उचल, जरा सोड म्हणालास आणि जोडावर बोटं ठेवून डोळे मिटून उभा राहिलास. "नख शिरलं तं ठीक हाय," तू म्हणालास. "इथी तं करंगळी जाऊन राह्यली." पिन खाल्ली गेली होती, बुश कागदासारखा पातळ झाला होता. मी म्हटलं, बुश तेवढा बदलू, पिन अजून चालेल. यावर आपण चार दिवस भांडलो. तुझं म्हणणं, दोन्ही एकदम बदलायचे, नाहीतर जुनी पिन नव्या बुशाला महिन्यात खाऊन टाकेल. शेवटी तू भंगारातला ट्रकचा एक्सल शोधून आणलास आणि मला घेऊन दिग्रसला गेलास.

जिनिंगचा हंगाम संपलेला होता, म्हणून मिलचं लेथ मशीन रिकामं होतं. दोन दिवस तू तिथल्या कारागिराच्या मानेवर बसून पिन कातून घेतलीस, बुशही. तो बिचारा शेवटी म्हणाला, "भाऊ, तुमीच या न इथी, मी घरी जातो." येताना एसटीत तू पिन फडक्यात गुंडाळून तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन बसला होतास. शेजारच्या म्हातारीनं वाकून पाहिलं आणि घाबरून दुसऱ्या बाकावर गेली. मला ते आठवलं की अजून हसू येतं. त्या प्रवासात आपण दोघं फार सुखात होतो.

मग बर्फाची पाळी. नवा बुश भोकापेक्षा केसभर मोठा ठेवतात, म्हणजे तो घट्ट बसतो. बसवायचा तर बुश गारठवून आक्रसवायचा आणि भोक तापवून फुगवायचं. यवतमाळहून बर्फाच्या दोन लाद्या भुश्याच्या पोत्यात घालून मी एसटीच्या टपावर टाकल्या. कंडक्टर म्हणाला, "पाणी गळून राह्यलं, मासोळ्या हायेत काय?" पोचेपर्यंत दोन लाद्यांची एक झाली. तू मीठ टाकून त्या बर्फात बुश पुरलास.

त्याआधी तू मला एक काम सांगितलं होतंस. बुशाला ग्रीस जाण्यासाठी एक भोक असतं. ते जोडातल्या ग्रीसच्या भोकाशी नेमकं जुळायला हवं, नाहीतर वरून कितीही ग्रीस मारा, आत थेंब जात नाही. "नामदेवा, भोकाच्या रेषेत कडेला पंचनं खूण कर. खोल कर." पंच तुझ्या पेटीत होता, पेटी बूमच्या पलीकडे होती, आणि पलीकडे जायचं म्हणजे ओंडक्यांवर टेकवलेल्या बूमखालून वाकून जायचं. मी खडूनं रेघ मारली. बर्फात पुरायच्या बुशावर खडू! लहान मूलही असं करणार नाही. पण तेव्हा मला वाटलं, रेघ ती रेघ.

बुश बाहेर काढला तेव्हा त्यावर रेघ नव्हती. मिठाच्या पाण्यानं धुऊन नेली होती. तू ब्लोलॅम्पनं भोक तापवून लाल डोळ्यांनी ओरडलास, "आण, आण, आण!" मी ओल्या पोत्यात धरून बुश आणला. ग्रीसचं भोक कुठं आहे ते पाहायला तो फिरवायला हवा होता, पण तेवढा वेळ कुठं होता, आणि मला लवकरात लवकर तिथून लांब व्हायचं होतं. बूमच्या बाजूला उभा राहून अंदाजानं धरला. तू मोगरीचे चार घाव घातलेस आणि बुश आत शिरला. दोन श्वासांत तो असा आवळला की आता घणानंही हलला नसता. तू घाम पुसत विचारलंस, "भोक जुळलं काय?"

मी म्हणालो, "जुळलं."

भाऊ, तुला सांगायचं होतं ते हेच. भोक जुळलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मला कळलं. वरून ग्रीसगन लावली, दोन दट्ट्यांनंतर ती दगडासारखी घट्ट झाली. ग्रीस आत गेलं तर जोडाच्या कडेनं जुनं काळं ग्रीस बाहेर येतं, हे तूच शिकवलंस. काही आलं नाही. तू विचारशील म्हणून मी बोटानं थोडं ग्रीस घेऊन कडेला फासलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. दोन वर्षं दर आठवड्याला मी बुढीच्या कोपराला बोटानं ग्रीस फासत आलो, जणू आत गेलेलं बाहेर आलं आहे. तू ते पाहायचास आणि मान डोलवून पुढे जायचास.

का नाही सांगितलं? साहेबाची भीती होती. त्यानं मला आधीच एकदा काढून टाकायची ताकीद दिलेली. तुझीही भीती होती, कारण तू त्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि "नामदेवा फिटर झाला" म्हणालास. पण सगळ्यांत मोठी भीती वेगळी होती. बुश पुन्हा काढायचा म्हणजे पुन्हा ओंडक्यांचा थर लावायचा आणि पुन्हा त्या धुडाला चिकटून उभं राहायचं. मला ते सोसत नव्हतं. आणि असंही वाटायचं की तू आहेस ना. काही बिघडलंच तर आवाज बदलण्याआधी तुझ्या कानाला कळेल. तुझ्या कानाच्या भरवशावर मी खोटं बोलत राहिलो.

मग तू गेलास आणि तो कान गेला.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी मशीन सुरू केली आणि पहिल्यांदाच मला कोपराचा आवाज ऐकू येऊ लागला. खरा आवाज होता की माझ्या डोक्यातला, मला सांगता येत नाही. खालच्या बाया गाणं म्हणत माती काढायच्या आणि मी वर बसून पिन सुकी आहे, पिन सुकी आहे, एवढंच मोजत असायचो. घरी जेवण जाईना. बायको म्हणाली, "भाऊ गेला म्हणून एवढं मनावर नोका घेऊ." मी तिलाही सांगितलं नाही.

परवा तुझी तेरवी आटोपली आणि सक्रीवहिनी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "नामदेवभाऊ, सोमवारपासून कामावर येईन मी. घरात बसून काय करू?" मी बरं म्हणालो. सोमवारी ती चरात उतरणार आणि मी तिच्या डोक्यावरून तो हात नेणार. तुझ्या बायकोच्या डोक्यावरून.

तांड्यावरून मी सरळ साहेबाच्या तंबूत गेलो. साहेब हिशेबाच्या कागदांत होता. मी म्हणालो, "साहेब, उद्या शनिवारी मशीन बंद ठेवा. कोपर पाहायचं हाय. आठ माणसं पाहिजेत."

"आवाज येतो का?"

"नाही."

"मग?"

"दोन वर्षांपूर्वी बुश मी चुकीचा बसवला. ग्रीस आत जात नाही. हरसिंगभाऊले मी खोटं सांगितलं होतं."

साहेबानं कागद खाली ठेवले. मला वाटलं, आता गेलो. तो म्हणाला, "नवा फिटर महिन्याशिवाय येत नाही. खाली कोण जाणार?"

मी म्हणालो, "मी."

"सोमवारी मशीन चालली नाही तर मंगळवारी तोंड दाखवू नको," तो म्हणाला आणि कागद पुन्हा उचलले.

आता कालचं सांगतो. थर लावायचा तुझा नियम तुला आठवतो. रेल्वेच्या जुन्या ओंडक्यांचा आडवा-उभा थर रचायचा, बूम त्यावर टेकवायची, आणि ज्यानं थर रचला त्यानं आधी एकट्यानं खाली बसून एक कप चहा प्यायचा. घाईनं नाही. फुंकर मारून, शेवटच्या घोटापर्यंत. तोवर दुसऱ्या कोणी आत पाऊल टाकायचं नाही. नवे मजूर हसायचे, साहेब चिडायचा, पण तू कधी नियम मोडला नाहीस. तू बूमखाली मांडी घालून बसायचास, मी वरून बघायचो आणि तुझ्या चहाचे घोट मोजायचो. एकदा मी तुला विचारलं, तुला भीती वाटत नाही का. तू म्हणालास, "वाटते ना. मी भेतो म्हणून तं थर सरळ लावतो. न भेणाऱ्याच्या थराखाली कोणी बसू नये." मी म्हणालो, हे काही खरं नाही, भीतीनं हात चालत नाहीत. तू म्हणालास, "मंग तुही भीती कच्ची हाय, पिकू दे." यावर आपण किती वेळा वाद घातला असेल. तुझं खरं की माझं, हे कधी ठरलं नाही.

काल मी थर लावला. चार वेळा लावला आणि तीन वेळा पाडला. मजूर कंटाळले. कधी ओंडका मध्येच चिरलेला वाटायचा, कधी खालची जमीन मऊ वाटायची. चौथ्यांदा बूम टेकवली तेव्हा सगळे ओंडके एकदम कुईकुई करून दबले. मग कोणीतरी चहाचा कप आणून माझ्या हातात दिला. माणसं गोल करून उभी राहिली. कोणी हसत नव्हतं, आणि ते हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी वाकून आत गेलो. भाऊ, तिथं अंधार असतो हे तू कधी सांगितलं नाहीस. भर दुपारी तिथं अंधार असतो, आणि डिझेलचा, ओल्या मातीचा वास. डोक्यावर दोन हातांवर ते सगळं लोखंड. मी मांडी घातली. पहिला घोट शर्टावर गेला, दुसरा मांडीवर. चहा ऊन होता तरी भाजल्याचं कळलं नाही. तुझं म्हणणं मला तिथं अजिबात पटलं नाही. मी पोटातून घाबरलो होतो आणि माझे हात चालत नव्हते. निम्मा चहा सांडला, निम्मा प्यालो. शेवटच्या घोटाला मान वर केली आणि मला ते दिसलं.

बुढीच्या पोटाखालचा सगळा भाग सहा वर्षांच्या चिखलानं लिंपलेला होता, पण कोपराच्या खालच्या अंगाला तळहाताएवढी जागा स्वच्छ होती. त्या स्वच्छ जागेच्या मधोमध एक ग्रीसची निप्पल, म्हणजे ग्रीसगन लावायची लोखंडी बोंडी, बसवलेली. वरची जी सगळ्यांना दिसते ती वेगळी. ही दुसरी, खालून. भोवती ओलं ग्रीस. मी बोट लावलं. अजून मऊ होतं, पिवळं. जोडाच्या खालच्या कडेनं काळं ग्रीस बाहेर येऊन थेंबासारखं लोंबत होतं. पिन सुकी नव्हती. दोन वर्षांत एक दिवसही सुकी नव्हती.

बाहेरून एकानं हाक मारली, "भाऊ, जित्ते हाय ना?"

मग एकेक आठवत गेलं. आतून येणारं ग्रीस काळं, मी फासायचो ते पिवळं; तुला पहिल्याच आठवड्यात कळलं असणार. बुश बसवल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी भाचीच्या लग्नाला तीन दिवस बोरी अरबला गेलो होतो. परत आलो तर तुझे डोळे तांबडेलाल सुजलेले. मी चिडवलं, "भाऊ, मी नसताना भांग घेतली वाटते." तू म्हणालास, "हो, लय घेतली." आता कळतं. खाली उताणा पडून हातड्रिलनं इंचभर लोखंडाला भोक पाडलं होतंस तू. बारीक चुरा सगळा डोळ्यांत पडला असणार. साहेबाला कळू नये म्हणून माणसं घेतली नसणार, थरही लावला नसणार. एकट्यानं, मी गावाला गेलो असताना, माझं खोटं तू खालून बुजवलंस.

आणि शनिवार. दर शनिवारी काम सुटलं की तू म्हणायचास, "नामदेवा, बूम डोक्याएवढी खाली घे अन् दहा मिनिटं पाय ठेव." बूम अडवून धरणारा खटका केव्हाचाच झिजलेला. सगळा भार एका ब्रेकवर, आणि ब्रेक माझ्या पायाखाली. तू हातात काहीतरी घेऊन खाली सरकायचास. खुर्चीतून मला फक्त तुझे पाय दिसायचे. एकदा मी विचारलं, "काय करतं रे खाली?" तू म्हणालास, "चिखल काढतो." मी वर बसून बिडी ओढायचो. कधी भाचीला पत्र काय लिहावं याचा विचार करायचो. एकदा पायाला मुंगी चावली म्हणून मी पाय जरा हलवला होता, बूम चार बोटं खाली आली होती, आणि तू खालून काहीच बोलला नाहीस. बाहेर आलास तेव्हा तुझ्या टोपीला चिखल लागलेला होता, एवढंच मला आठवतं.

मी बाहेर आलो, पिन काढायची गरज नाही म्हणून सांगितलं. साहेब आला, खाली वाकून पाहून गेला. "म्हणजे सोमवारी चालते ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. काढून टाकतो की ठेवतो, ते अजून तो बोललेला नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी मी तांड्यावर गेलो. सक्रीवहिनी दाराशी ज्वारी निवडत बसली होती. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. खडू, बर्फ, जुळलं म्हणालो ते, बोटानं फासलेलं ग्रीस. ती निवडत राहिली. मला वाटलं, तिला समजलं नाही. म्हणून पुन्हा सांगायला लागलो.

"मले ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"शनिवारी त्याहीले यायले उशीर व्हाये. मी भांडो. मंग एक दिवस सांगतलं त्याहीनं." तिनं सुपातला खडा उचलून दूर टाकला. "मी म्हटलं, तुमी असे कसे जाता त्याच्या भरवशावर, जो तुमाले खोटं सांगते? तं हसले. म्हणे, नामदेवा तोंडानं खोटं बोलते, पायानं नाई बोलत."

मला तिथं रडू आलं. मी रडलो म्हणून तीही रडली, आणि मग आम्ही दोघं बराच वेळ तुला शिव्या दिल्या. तुझ्या याडीची, आईची, शपथ, मनापासून दिल्या.

हे मी आज रविवारी दुपारी लिहितो आहे. तुझे उपकार मानायला बसलो होतो, पण राग येतो. तुला माहीत होतं तर एकदा माझ्या कानाखाली वाजवायची होतीस. दोन वर्षं मी एकटा भीत राहिलो आणि तू खाली जाऊन येत राहिलास, दोघंही एकमेकांना काही न बोलता. तू मला वाचवत होतास हे खरं. पण मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, भाऊ, त्या ब्रेकवर जीव ठेवू नको, तिथं बसलेला माणूस मुंगी चावली की पाय हलवतो.

बुश आता निघणार नाही, निदान नवा फिटर येईपर्यंत तरी. ग्रीस खालूनच मारावं लागणार, दर आठवड्याला, आणि साहेब दर आठवड्याला थर लावायला आठ माणसं आणि अर्धा दिवस देणार नाही. ते काम माझंच आहे. मी जाईन. भीत जाईन, पण जाईन, वहिनी चरात असते. उद्या मशीन सुरू होईल, मंगळवार, बुधवार जाईल, आणि शनिवार येईल. तेव्हा मी खाली उताणा पडलेला असेन. ब्रेकवर कोणाचा पाय ठेवू, एवढं तरी सांगून जायचं होतंस.